आढ्याला खिळा नको

कोसमगुड्यात विजेचे खांब पोचले तेव्हा खुशाल मेश्राम अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. राजुऱ्याहून आलेला वायरमन तसा भला माणूस होता. त्यानं घराभोवती एक फेरी मारली, मान वर करून छपराकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, तार घ्यायला ब्रॅकेट या आढ्याच्या टोकाले ठोकतो. लाकूड मजबूत दिसते."

खुशाल उठून उभा राहिला. मोठ्यानं बोलण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. तो हळूच म्हणाला, "आढ्याला खिळा नको."

वायरमननं पुन्हा वर पाहिलं. आढं तिरपं होतं, एका अंगाला चार बोटं तरी खाली. छपराचं गवतही त्याच अंगानं उतरलं होतं, डोक्यावरची टोपी एका कानावर यावी तसं. त्यानं हसून विचारलं की आधीच वाकड्या लाकडाला एका खिळ्यानं असं काय होणार आहे. मग वायरमननं पुढच्या घरी जाऊन येतो, तोवर विचार करून ठेवा, असं सांगितलं आणि तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून निघून गेला.

आतून त्याच्या बायकोचा, कांताचा आवाज आला. "लाइट नको म्हणता का काय?"

"लाइटबद्दल मी कुठं बोललो? खिळा नको म्हणालो."

कांता पुन्हा कामाला लागली. तिला ठाऊक होतं. खुशाल पुन्हा शेंगांपाशी बसला, पण बोटं सावकाश चालू लागली. मन पाच वर्षं मागं गेलं होतं, याच अंगणात, जेव्हा इथं घर नव्हतं, नुसत्या मेढी, म्हणजे लाकडी खांब, उभ्या होत्या.

तेव्हा खुशाल बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. वरोऱ्याच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलणाऱ्या सोमाजी मेश्रामचा हा एकुलता एक मुलगा नागपूरला पॉलिटेक्निक शिकला, आणि नोकरीचा हुकूम आला त्या दिवशी सोमाजीनं अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले. पुढं चंद्रपूरला क्वार्टर मिळालं. नळ होता, पंखा होता, दर महिन्याच्या पगाराची खात्री होती. दोघांना मूलबाळ झालं नाही, एवढं सोडलं तर कोणी नावं ठेवावीत असं काही नव्हतं.

खुशालचं काम रस्त्यांचं. आधी मोजणी, मग नकाशा. नकाशावर झाड म्हणजे एक लहानसं वर्तुळ, आणि तोडायचं झाड म्हणजे त्या वर्तुळावर फुली. फुल्या मारायचं काम त्याच्याकडेच असे. वर्षानुवर्षं त्यानं त्या मारल्या आणि कधी त्याच्या मनातही काही आलं नाही. मग एका हिवाळ्यात राजुऱ्याच्या पलीकडे, माणिकगडच्या डोंगरात एका नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, बांधायचा होता म्हणून तो तंबू ठोकून राहिला. दुपारी डबा उघडून एका मोहाखाली बसला होता. वाऱ्यानं एक पान डब्यात पडलं. ते उचलताना त्याच्या लक्षात आलं की आपण ज्याच्या सावलीत जेवतो आहोत, त्याच्यावर आपण चंद्रपुरात बसून फुली मारलेली आहे. त्या दिवशी त्याचं जेवण राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं रस्त्याची रेघ थोडी वाकवली आणि मोह वाचवला. साहेबानं सही करताना ते पाहिलंही नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीतलं तेवढं एकच काम पुढं त्याच्या आठवणीत राहिलं.

त्याच मोहाखाली त्याला जंगू मडावी भेटला. कोसमगुडा ही नाल्यापलीकडची वीसेक घरांची गोंडांची वाडी, आणि जंगू तिथला पाटील. त्यानं राम राम घातला आणि नाव विचारलं.

"मेश्राम," खुशाल म्हणाला.

आडनाव सांगताना खुशालचा आवाज नेहमीच जरा खाली यायचा. लहानपणापासूनची सवय होती ती. शहरात कोणी आडनाव विचारलं की ते कशासाठी विचारतात हे त्याला माहीत असे, आणि उत्तर दिल्यावर समोरच्याचा चेहरा किती बदलतो ते तो न बघता बघत असे. काही चेहरे बदलत नसत, पण तो पाहणं सोडू शकत नसे. जंगूचा चेहराही बदलला. तो उजळला. त्यानं खुशालचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "मेश्राम म्हंजे सात देवे. आमी मडावी, आमी पण सात देवे. मंग साहेब कायचे, तुमी तं भाऊ निघाले आमचे."

त्या डोंगरात माणूस भेटला की पहिला प्रश्न आडनावाचा आणि त्यावरून देवांचा. कोणी चार देवे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. देव सारखे ते एकमेकांचे भाऊ, वेगळे ते सोयरे. भावाच्या घरी मुलगी देत नाहीत, सोयऱ्याच्या घरी देतात. भावाशी जपून बोलायचं, सोयऱ्याची मात्र हवी तेवढी चेष्टा करायची, आणि सोयऱ्यानं ती हसून घ्यायची. कोसमगुड्यातल्या घरांच्या दोन ओळी होत्या, मधून बैलगाडीची वाट. एका ओळीत सात देवे मडावी, समोरच्या ओळीत सहा देवे आत्राम.

मेश्राम हे आडनाव गोंडांमध्ये आहे, तसं वरोऱ्याच्या बौद्ध मोहल्ल्यातही आहे. खुशालला ते ठाऊक होतं. तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. पण जंगूनं हात धरलेले होते, आणि आडनाव ऐकून कोणी हसावं असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. उद्या सांगू, असं तो मनाशी म्हणाला, आणि तो उद्या काही आला नाही.

रपटा झाला. तंबू निघाला. खुशाल चंद्रपूरला परतला, पण त्याचं चित्त मागंच राहिलं. रात्री पंख्याच्या आवाजात झोप येईना. ऑफिसात नवा नकाशा पुढ्यात आला की हातातली पेन्सिल तशीच राहायची. एक दिवस त्यानं कांताला विचारलं की तिकडं जाऊन राहिलो तर? कांता भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. तिथं पाणी कुठून आणावं लागेल, एवढंच तिनं विचारलं. नाल्यावरून, तो म्हणाला. मग तिनं विचारलं की खायचं काय. ज्वारी पेरू, तूर पेरू, बाकी जंगल आहे. कांतानं भाकरी तव्यावर टाकली. "मी तं खेड्यातलीच हाव," ती म्हणाली. "नळ आताआता पाह्यला. तुमचंच सांगा, तुमचे हात नरम आहेत."

असा त्यानं राजीनामा दिला. तो वरच्या कचेरीत अडकून पडला होता, मंजूर व्हायचा होता. तोवर तो बिनपगारी रजेवर होता. होळी झाल्यावर दोघं बैलगाडीत एक ट्रंक, दोन पोती आणि पुस्तकांची पेटी घालून कोसमगुड्याला आले.

जमीन नावावर हवी असं त्याचं म्हणणं नव्हतं, आणि तशी ती होतही नव्हती. राहायला जागा हवी, कसायला कोणाची पडीक वाट्यानं मिळाली तर हवी, एवढंच तो म्हणाला. जंगूनं मडाव्यांच्या ओळीत शेवटची जागा दाखवली. भाऊ भावांच्या ओळीत राहणार, यात विचार करण्यासारखं त्याला काही वाटलं नाही.

घर बांधायची त्या वाडीची एक रीत होती. जमिनीतलं काम भावांनी करायचं, आभाळाकडचं सोयऱ्यांनी. म्हणजे मेढींचे खड्डे मडाव्यांनी खणले, मेढी त्यांनी रोवल्या, आणि जंगूनं पहिल्या मेढीच्या बुडाशी मोहाची दारू शिंपडून सातही देवांना सांगितलं की हा आपला भाऊ इथं राहायला आला आहे. खुशाल बाजूला मान खाली घालून उभा होता. त्या दिवशी कांता त्याच्यावर चांगलीच तापली.

"त्यानं तुमच्या नावानं देवाले पाजली," ती म्हणाली, "आन तुमी मूग गिळून उभे. सांगून टाका आता. जेवढं लांबवाल तेवढं त्यायले वाईट वाटंल."

तो म्हणाला, आढं चढू दे, मग सांगतो.

आढं म्हणजे दोन उंच मेढींच्या बेचक्यांत बसणारं मधलं लाकूड. अख्खं छप्पर त्याच्या जीवावर. ऐनाचं सरळ, जडशीळ लाकूड आत्रामांनी आणलं. ते चढवण्याचा मान सोयऱ्यांचा. आत्रामांचा म्होरक्या पत्रू. तो कामापेक्षा तोंडानं जास्त प्रसिद्ध होता. आढं उचलताना तो सारखा खुशालच्या मागं लागला होता. सोयऱ्याचे हात पाहा, लोण्यात बुडवून ठेवले होते काय. सोयऱ्यानं एवढे रस्ते बांधले, तरी स्वतः कुठं पोचायचं ते त्याला सापडलं नाही. बायका हसत होत्या. कांताही पदर तोंडाला लावून हसत होती. खुशालच्या आयुष्यात त्याची इतकी चेष्टा कोणी केली नव्हती आणि त्याला इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. आढं बेचक्यात बसलं. कांतानं रीतीप्रमाणं आधी सोयऱ्यांना वाढलं, मग भावांना.

त्याच दिवशी, उन्हं कलताना, वाटेवरून छत्री टेकत सोमाजी आला.

काळा कोट, पायात बूट, बुटांवर गडचांदूरपासूनची धूळ. बस तिथवर होती, पुढं तो चालत आला होता. सत्तरीचा माणूस. खुशाल धावत पुढं गेला आणि त्यानं पायांना हात लावला. सोमाजी उभ्या मेढींकडं आणि वरच्या नव्या आढ्याकडं पाहत राहिला. मग त्यानं जमलेल्या लोकांना हात जोडून "जय भीम" केला. जंगूनं हात जोडून "राम राम" म्हटलं. खाट आली, पाणी आलं. आपल्या भावाचा बाप आला म्हणून जंगूला फार आनंद झाला होता. त्यानं सोमाजीला काका म्हटलं आणि जे कोणाही पाहुण्याला आपुलकीनं विचारतात ते विचारलं. तुमच्या घरचा मोठा देव कोणत्या गावी असतो, आणि तुम्ही त्याच्या पूजेला कोणत्या महिन्यात जाता?

"देव?" सोमाजी म्हणाला. "आमच्या घरी देव नाईत."

जंगू हसला. त्याला वाटलं म्हातारा थकलाय, नीट ऐकू आलं नसेल. त्यानं समजावून सांगितलं. सात देवे मेश्राम ना तुम्ही?

खुशालनं तोंड उघडलं. पण सोमाजी बोलून गेला होता. त्याला लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच, उलट ती त्याच्या अभिमानाची गोष्ट होती. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली. घरी आल्यावर घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि वर्धा नदीत सोडून दिले. तेव्हापासून ना देव, ना नवस. "आमी बौद्ध हाव," तो म्हणाला. "गोंड नाई."

जंगू खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर खुशालला सोपं गेलं असतं. माणसानं नेहमीच्या जागी वस्तू शोधावी आणि ती तिथं नसावी, तसा तो दिसत होता.

खुशालनं मग सगळं सांगितलं. अडखळत, आधी शेवटचं आणि शेवटी आधीचं. खोटं बोललो नाही, पण बोललोही नाही, असं काहीसं म्हणाला. जंगूनं ते ऐकून घेतलं. मग आत्रामांची मंडळी आणि मडाव्यांची मंडळी जवळच्या एका मोहाखाली जाऊन बसली आणि बराच वेळ गोंडीत बोलत राहिली. मध्ये एकदा पत्रू उठून आला. त्यानं सोमाजीला विचारलं की टोपलीत देव होते किती. सहा होते का सात? जे होते ते बुडाले का वाहून गेले ते जाऊ द्या, पण होते किती? सहा म्हणाले तरी चालेल, सात म्हणाले तरी चालेल, काहीतरी सांगा म्हणजे माणसाला कुठंतरी ठेवता येईल.

सोमाजीच्या लक्षात आलं की त्याच्या एका आकड्यावर मुलाचं घर उभं राहणार आहे. खुशाल त्याच्याकडे पाहत होता. सोमाजीचा अंगठा बोटांच्या पेरांवर एकदा हलला, दोनदा हलला आणि थांबला.

"मी मोजणार नाई," तो म्हणाला. "सोडले ते सोडले."

पत्रूनं मान हलवली आणि तो परत गेला. जाताना त्यानं खुशालला वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं. "सरका साहेब," असं म्हणाला. सकाळपासून तो सोयरा सोयरा म्हणत होता. ते "साहेब" खुशालला जेवढं लागलं तेवढं दुसरं काही लागलं नाही.

निवाडा जंगूनं सांगितला. कोणाला शिक्षा नाही, कोणाला दंड नाही. पण चुकीच्या हातांनी चढलेलं आढं तसंच ठेवता येत नाही. आत्राम त्याचे सोयरे नव्हते, तरी त्यांनी आभाळाकडचं काम केलं. तर ज्यांनी चढवलं ते उद्या उतरवतील. जागा त्याचीच राहील, देवांना सांगून रोवलेल्या मेढींना हात लावणार नाही. मग आढं त्याच्या लोकांनी चढवावं. ज्याला देव नाहीत त्यालाही लोक असतील. "तुझे लोक येतील का इथी?" जंगूनं विचारलं. पाऊस यायच्या आत चढलं तर घर. नाही तर मेढी वाळवी खाईल, आणि मग देवांनीच सांगितलं असं समजायचं.

त्या संध्याकाळी बापलेक नाल्याकाठी बसले. सोमाजीनं बूट काढून पाय पाण्यात सोडले होते. तो शांतपणे बोलत होता, आणि तो शांतपणे बोलत असला की खुशालला लहान असल्यासारखं वाटे. राजीनामा अजून मंजूर नाही, तो म्हणाला. साहेबाला भेटून आलो. साहेब म्हणाला, परत घेऊन टाका, कोणाला कळणारही नाही. "माह्या बापानं गावाच्या कडेले जन्म काढला," तो म्हणाला. "कुठं बसायचं, कुठून पाणी भरायचं, ते दुसऱ्यानं ठरवायचं. मी तुले तिथून काढला, खुर्चीवर बसवला. आन तू आपल्या पायानं पुन्हा गावाच्या कडेले येऊन बसून राह्यला. कुठं झोपायचं ते पुन्हा दुसरेच ठरवून राह्यले. कायले, खुशाल?"

खुशालपाशी पुस्तकांतली पुष्कळ उत्तरं होती. शहरात त्यानं ती मनाशी घोकली होती. झाडं, पाणी, साधं जगणं, हातानं पिकवलेलं खाणं. त्यातलं एकही त्या वेळी जिभेवर येईना.

"इथं आडनाव विचारलं, बा," तो शेवटी म्हणाला, "आन ऐकून हसले."

सोमाजीनं पाण्यातले पाय हलवले नाहीत.

सकाळी आत्राम आले. पत्रूही गप्प. दोर लावून त्यांनी आढं उतरवलं, आणि उतरवताना इतकं सांभाळून उतरवलं की साल कुठं खरचटली नाही. जमिनीवर टाकलं नाही. दोन दगड आणले, त्यांवर ते आडवं ठेवलं, वाळवी लागू नये म्हणून. पत्रूनं खाली वाकून लाकडाच्या बुडाशी लागलेली माती हातानं झटकली. मग सगळे मोहाखाली जाऊन बसले.

सोमाजी खाटेवर बसून हे बघत होता. त्याला आता काहीच करायची गरज नव्हती. नुसतं बसून राहायचं होतं. वरोऱ्याहून चारदोन माणसं कोणी या डोंगरात आढं चढवायला येणार नव्हती. मेढी उघड्या राहिल्या असत्या, पाऊस आला असता, आणि मुलगा घरी आला असता. कांता अंगणातल्या चुलीपाशी बसली होती. तिनं सासऱ्याकडं पाहिलं आणि चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

सोमाजी उठला. त्यानं कोट काढला, झटकला आणि घडी घालून खाटेवर ठेवला. मग दगडांवरच्या आढ्याभोवती फिरला, एका टोकाला हात घालून वजन पाहिलं.

"गाठीएवढं नाई," तो म्हणाला. "दोर आण, खुशाल. कांता, तू इकडं ये."

"मामाजी, बायका आढ्याले हात लावत नाईत इथी," कांता हळूच म्हणाली.

"लावत नसतील. आपले लोक म्हणले ना त्यानं? मंग आपले लोक किती आहेत? तीन. तू धरून तीन."

जिनिंगमध्ये त्यानं आयुष्यभर हेच केलं होतं. मेढींच्या बेचक्यांतून दोर टाकले, आढ्याच्या खालून घेऊन परत वर नेले, एकेक टोक धरायला लावलं. मग तो मध्ये उभा राहिला आणि गाठी चढवताना हमाल घालत तसली हाळी त्यानं दिली. खुशालनं ती लहानपणी जिनिंगच्या फाटकाशी उभं राहून ऐकली होती. बापाचा डबा घेऊन तो जाई, आणि आत रुईच्या धुळीतून हाच आवाज येई. आढं हललं. हातभर चढलं. थांबलं. पुन्हा हाळी. कांताचा पदर खांद्यावरून पडला, तिनं तो दातांत धरला. खुशालच्या नरम हातांतून दोर सरकला आणि तळवे सोलले, पण त्यानं सोडला नाही. मोहाखाली सगळे उभे राहिले होते. कोणी पुढं येत नव्हतं, कारण येता येत नव्हतं. पत्रूचे हात दोर ओढल्यासारखे हवेत हलत होते, हे कांतानं पाहिलं आणि पुढं कितीदा तरी सांगितलं.

एक टोक बेचक्यात बसलं. दुसरं बसलं, पण पूर्ण उतरलं नाही. बेचक्यातल्या एका गाठीवर चढून ते तिथंच अडलं. सोमाजीनं खालून ढकलून पाहिलं. आता त्याला दम लागला होता. "राहू दे," तो म्हणाला. "पडत नाई."

जंगू पुढं आला. त्यानं मान वर करून आढं पाहिलं. एका अंगाला चार बोटं खाली. मग त्यानं सोमाजीचे दोन्ही हात धरले, आणि ते धरून उभा राहिला.

खुशालला कळत नव्हतं की हे मानलं गेलं का नाही. तो रक्ताळलेले तळवे धोतराला पुसत उभा होता. तेवढ्यात पत्रू सावकाश आढ्याखाली आला, कमरेवर हात ठेवून वर पाहिलं, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला.

"सोयऱ्या," तो म्हणाला, "रस्ते पण असेच बांधले काय रे तू?"

आधी बुधरी हसली, जंगूची बायको. मग सगळेच हसले. कांता हसता हसता खाली बसली आणि मग रडू लागली. पत्रू थांबला नाही. म्हणाला, पाणी एकाच अंगानं गळंल, तर बायकोला कोरड्या बाजूला झोपव. म्हणाला, म्हाताऱ्यानं एवढं चढवलं, हे घर पडलं तर म्हाताऱ्याच्याच डोक्यावर पडंल, म्हणून म्हाताऱ्याला इथंच ठेवून घ्या. आणि तो सगळा वेळ "सोयऱ्या" म्हणत होता. त्यानंतर त्यानं खुशालला साहेब कधी म्हटलं नाही.

छप्पर घालायला दोन्ही ओळींतले लोक आले. त्याला कोणती रीत लागू होती ते कोणी विचारलं नाही.

सोमाजी दोन दिवसांसाठी आला होता, तो छपराचं गवत चढेपर्यंत राहिला. बुटांऐवजी त्यानं जंगूच्या जुन्या वहाणा घातल्या. सकाळी कांताबरोबर मोहाची फुलं वेचायला जायचा आणि वाकून वाकून कंबर दुखते म्हणायचा. नोकरीबद्दल त्यानं पुन्हा काही काढलं नाही. पटलं होतं असं नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "माह्या मनाले हे अजून पटत नाई, खुशाल. पण बांधलेलं मी मोडत नाई."

त्यानंतर तो एकदाच आला, तूर निघाली तेव्हा. पुढच्या वर्षी वरोऱ्याला वारला. खुशाल आणि कांता गेले. पत्रूही बरोबर आला, बसमध्ये उभा राहून, कारण सोयऱ्याच्या मरणाला सोयऱ्यानं जावंच लागतं असं त्याचं म्हणणं होतं. मोहल्ल्यातल्या लोकांनी विचारलं की हे कोण. खुशाल म्हणाला, सोयरे.

शेंगा सोलून झाल्या होत्या. टरफलांचा ढीग मोठा झाला होता. पुढच्या घरी वायरमन ठोकत होता, त्याचा आवाज येत होता. खुशालनं वर पाहिलं. आढं काळं पडलं होतं, धुरानं, दिव्याच्या काजळीनं. तिरपेपणा तेवढाच होता. पाणी त्या अंगानं खरंच गळत असे, आणि कांता कोरड्या बाजूला झोपत असे.

सोमाजी दुसऱ्या आणि शेवटच्या वेळी, तूर निघाली तेव्हा आला होता, तेव्हा एका संध्याकाळी तो इथंच बसला होता. खुशालच्या मनात एक गोष्ट कधीची होती. बापाचा अंगठा बोटांच्या पेरांवर हललेला त्यानं पाहिला होता. त्यानं भीत भीत विचारलं की त्या दिवशी तुम्ही मोजायला लागला होता, ते किती होते?

नाल्याकडून बैल परतत होते.

"मी बोटं चाळवली ते खरं," तो म्हणाला. "मनात आलं, सात म्हणावं आन पोराचं घर होऊ द्यावं. मंग आठवलं का मले माहीतच नाई. टोपली भरली ते तुह्या आजीनं. वर लुगड्याचं फडकं बांधून मले दिली. म्हणाली, उघडू नको, असंच सोड. मी नदीपर्यंत डोक्यावर नेली. जड होती. उघडून पाह्यलं असतं तं बरं झालं असतं काय, कोण जाणे. नाई पाह्यलं."

वायरमन परत आला आणि त्यानं पुन्हा विचारलं. खुशालनं त्याला अंगणाच्या कोपऱ्यातला एक बांबू दाखवला, हवं तर त्याच्यावर ठोक म्हणाला. वायरमन म्हणाला, बांबूवर तार घेता येत नाही. मग राहू दे, खुशाल म्हणाला. पुढच्या वर्षी बघू.

कांता आतून कंदिलाची काच पुसत बाहेर आली. तिनं कंदील लावला आणि रोजच्या जागी, आढ्याला सैल गुंडाळलेल्या दोरीला अडकवला. आढं तिरपं असल्यामुळं कंदील नेहमी थोडा सरकून त्याच खालच्या अंगाला जाऊन थांबत असे. आजही तो सरकला आणि तिथं जाऊन थांबला.